दारातलं लग्न आणि परत मागितलेला ॲडव्हान्स: एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी. मे महिन्यातला मुहूर्त, बेळगावातलं मंगल कार्यालय आणि नव्वद हजारांचं पॅकेज. त्यात ट्रॅडिशनल फोटो-व्हिडिओ, कॅन्डिड, सिनेमॅटिक, ड्रोन, दोन अल्बम आणि वर प्री-वेडिंग. मुलीच्या वडिलांनी स्वतः टिळकवाडीतल्या स्टुडिओत येऊन फॉर्मवर सही केली, तीस हजार ॲडव्हान्स मोजला. राजहंसगडावर प्री-वेडिंगही होऊन गेलं. लग्न महिन्यावर आलं असताना वडील अचानक वारले.

आपल्याकडे घरातला कर्ता गेला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं मानणारे पुष्कळ. तेराव्यानंतर भावकी बसली. कार्यालय रद्द झालं, मुहूर्त पुढे ढकलून मेअखेरीचा धरला. मिरगाच्या आत, दारातच मांडव घालून शंभरेक माणसांत अक्षता टाकायच्या ठरल्या. दुसऱ्याच दिवशी मुलीच्या चुलत्यांचा स्टुडिओत फोन आला. “साहेब, भाऊ गेला. आता ड्रोन-बिन काय नको. पोरं मोबाईलवर काढतील फोटो. आमचे तीस हजार तेवढे परत करा बघा.”

हे प्रकरण चर्चेसाठी बांधलेलं आहे. सगळं एकाच घरात घडलं असं नाही, आणि आकडेही उदाहरणादाखल धरलेले आहेत. पण लग्नांचे अल्बम डिझाइन करणाऱ्या माझ्यासारख्याला यातला एकही तुकडा अनोळखी वाटणार नाही.

स्टुडिओचा मालक मराठी ख्रिस्ती. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा. इथला ख्रिस्ती माणूस घरात मराठी बोलेल, कोकणी बोलेल नाहीतर कन्नड, आणि बाजारात तिन्ही. या मालकाची उपासना मराठीत आणि धंदा बहुतेक हिंदू लग्नांवर. ख्रिस्ती लग्नं मुळात मोजकी, त्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळआधीच्या आगमनकाळात सहसा लग्नं लागत नाहीत. देवकार्याचे, हळदीचे फोटो ख्रिस्ती माणसाने काढावेत का, हा प्रश्न मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, अधूनमधून निघतो आणि चहाबरोबर मिटतो. सीझनमध्ये रविवार मोकळा मिळत नाही, म्हणून सकाळची पहिली उपासना गाठून तो कॅमेऱ्याची बॅग उचलतो.

धंद्यात तुझा ख्रिस्ती विश्वास कुठे दिसतो, असं या फोनच्या आधी त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने व्हिजिटिंग कार्डावरचा क्रूस आणि काउंटरमागे फ्रेम करून लावलेलं वचन दाखवलं असतं. दोन्ही छापून घेतलं की झालं. पुढे रोज त्याचा खर्च येत नाही.

फॉर्म काय म्हणतो, कायदा काय म्हणतो

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलं होतं की ॲडव्हान्स कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. मजकूर दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवरून उचललेला होता. वडिलांनी तो वाचला असण्याचा संभव नाही, आणि खरं तर मालकानेही धड वाचला नव्हता. खानापूर भागात लग्नाची पत्रिका मराठीत छापतात, देण्याघेण्याची यादी मराठीत होते, मग अटी तेवढ्या इंग्रजीत का? कुणी वाचू नये, एवढाच त्याचा उपयोग.

अशा वाक्याला वाटतं तेवढी धार नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं, की करारात रक्कम लिहून ठेवली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. थोडक्यात, झालेला खर्च दाखवता आला पाहिजे. ‘फॉर्मवर लिहिलंय’ म्हणून तीस हजार गिळणं कायद्यातही सोपं नाही. अर्थात इतक्या रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढतंय, आणि तेवढ्याच भरवशावर ते वाक्य फॉर्मवर टिकून असतं.

कुणाच्या खिशातून?

मालक मऊ माणूस. फोन ठेवल्या ठेवल्या तो म्हणाला, सगळे पैसे परत देऊ आणि लग्नही फुकट करू, देवाने आपल्याला कमी दिलेलं नाही. स्टुडिओचा हिशेब आणि एडिटिंग बायकोकडे. तिने वही उघडली.

प्री-वेडिंगच्या दिवसाचे कॅमेरामनला चार हजार गेले होते, गाडी-पेट्रोलचे दीड हजार, एडिटिंगवाल्या पोराचे साडेतीन हजार. कॅन्डिडवाल्याला तीन आणि ड्रोनवाल्याला दोन हजार टोकन दिलेलं होतं. त्या दोघांनी ती तारीख धरून ठेवली होती, मेमधली दुसरी ऑर्डर सोडली होती. म्हणजे तिसांतले चौदा हजार कामाला लागले होते, सोळा शिल्लक होते.

“चौदा हजार कुणाच्या खिशातून घालणार?” तिने विचारलं. “आणि फुकट लग्नाला व्हिडिओवालं पोर आणशील त्याला काय देणार?”

या धंद्याचं आतलं दुखणं तिने बरोबर पकडलं. आमच्याकडे मालकाला दया आली की ती बहुतेक वेळा पोरांच्या हजेरीतून निघते. ‘आज आपल्या ओळखीतलं आहे, जरा सांभाळून घे,’ असं म्हणत चार हजारांच्या जागी दोन हातावर ठेवायचे. व्हिडिओवालं पोर सकाळी सहाला कॅमेरा स्थिर धरणारं गिंबल लावतं आणि रात्री अकराला मेमरी कार्डं रिकामी करतं. गावभर नाव होतं ते मालकाचं. पोरगं पुढच्या सीझनच्या ऑर्डरसाठी गप्प बसतं.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे दोन्ही धागे जवळजवळ आहेत. नवव्या-दहाव्या वचनांत सांगितलंय, की शेताची कापणी करताना अगदी कडेपर्यंत कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आणि तेराव्या वचनात, की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. मधे दोनच वचनं. प्रवचनात पहिला भाग ऐकायला मिळतो, दुसरा क्वचित. पण मजुराची मजुरी कापून शेताची कड सोडता येत नाही. कड सोडायची ती आपल्या वाट्याची.

बायकोचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरावर दुःख कोसळलेलं असताना एका ख्रिस्ती माणसाने फुकट काही देणं गावात कसं दिसेल? कर्नाटकाच्या धर्मस्वातंत्र्य संरक्षण कायद्याचं, म्हणजे आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला बंदी घालणाऱ्या कायद्याचं, विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या अधिवेशनात. २०२२ मध्ये कायदा आला. त्यातल्या ‘आमिष’ या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तू आणि रोख किंवा वस्तुरूप लाभही येतात. २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं, पण गावातला संशय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने जात नाही. त्यावर चिडून उपयोग नाही, कारण कायदा बाजूला ठेवला तरी तिचा मुद्दा उरतोच. ज्याचा माणूस नुकताच गेला आहे त्याला नको म्हणायचं बळ नसतं. अशा घरात आपल्या चांगुलपणाचं ओझं ठेवून येणं बरं नव्हे.

आईला कुणी विचारलं?

फोन चुलत्यांचा होता. सही वडिलांची, आणि ते गेलेले. आईचं नाव कुठेच नव्हतं. मालक-मालकीण दोघं गावी गेली, घरच्यांना भेटली, मग चुलत्यांच्या समोरच मालकिणीने आईला विचारलं, “मावशी, तुमचं काय म्हणणं आहे?”

चुलते वाईट माणूस नव्हेत. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं होतं, आणि भावजयीला रोख लागेल अशा हिशेबाने ते बोलत होते. पण आईचं म्हणणं निराळं निघालं. “फोटो पाहिजेत. पोरगी लांब जाणार. पैशाचं आम्ही बघतोय काय ते.” विधवेच्या वतीने बोलणारा पहिला माणूस तिचंच बोलतो आहे, असं धरून चालू नये. या प्रकरणात मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं ते हे.

मग ओसरीवरच नवा हिशेब मांडला. चौदा हजार कुठे गेले, ते वहीतून दाखवलं. शिल्लक सोळा हजारांत व्हिडिओवाल्याचे चार, हेल्परचा एक, गाडीचे दीड, एका अल्बमच्या छपाईचे साडेसहा आणि एडिटिंगचे तीन हजार बसवले. बेरीज बरोबर सोळा. फोटो मालक स्वतः काढणार आणि स्वतःची मजुरी, नफा यांतलं काही लावणार नाही. ‘तुमच्या ॲडव्हान्समध्ये एवढं बसतं. आणखी द्यायचे नाहीत, परत घ्यायचे नाहीत.’ हे वाक्य मालकिणीचं. कुणी कुणाला काही फुकट दिलं नाही. चुलत्यांनी वहीतली बेरीज स्वतः केली आणि मान हलवली.

ड्रोनवाला आणि कॅन्डिडवाला यांच्याकडे टोकन परत मागायचा विचार मालकाच्या मनात येऊन गेला. बायकोने तो तिथेच मोडला. त्यांची तारीख बुडाली होती, ते पैसे त्यांचेच.

यादीतली एक ओळ

लग्नाच्या फोटोंची यादी ठरलेली असते. मुंडावळ्या, मामा मुलीला आणताना, अंतरपाट, अक्षता, कन्यादान, सप्तपदी, मग स्टेजवरचे जोडीने फोटो. कन्यादान जोडप्याने करायचं, त्यामुळे वडील नसले की चुलता-चुलती बसतात. ओटी, हळद, ओवाळणी सवाष्णींची. विधवा आई आपणहून मागे सरकते, बायकाही तिला सरकू देतात, आणि दिवसभर ती स्वयंपाकाच्या मांडवात आचाऱ्याला तांदूळ काढून देत राहते. अल्बम लावायला घेतला की आमच्या लक्षात येतं, चाळीस पानांत आई कुठेच नाही. चुलती प्रत्येक पानावर.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने चांगली सुरुवात होते. पण मांडवात कोण कुठे उभं राहणार हे ठराव वाचून कुणी ठरवत नाही. तिथे भटजी सांगतो, मामा सांगतो, आणि बऱ्याचदा फोटोग्राफर सांगतो. ‘मुलीची आत्या या, मावशा या, आता चुलत घर या,’ असं तोच ओरडत असतो. हा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही, पण चालतो त्याचाच.

हा अधिकार मालकाने भर मांडवात वापरला नाही. माइकवरून आईला स्टेजवर बोलावलं असतं तर शंभर माणसांसमोर ती ‘नको नको’ करत आणखी मागे गेली असती, आणि सुधारणा केल्याचं समाधान घेऊन हा घरी आला असता. त्याने आदल्या आठवड्यात, जागा बघायला गेला तेव्हाच, विचारून ठेवलं होतं. “मावशी, तुमचा आणि ताईचा फोटो कुठे काढायचा?” काढायचा का, असा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, “परसात काढा. सकाळी. गर्दी व्हायच्या आधी.”

लग्नाच्या दिवशी साडेसहाला मालक परसात हजर. फणसाखाली उजेड मऊ होता, फ्लॅशची गरज नव्हती. ८५ एमएमची लेन्स लावून तो लांब, गोठ्याच्या भिंतीपाशी उभा राहिला. मुलगी न्हाऊन आलेली, केस ओले. आई मागे बसून टॉवेलने ते पुसत होती. कपाळ मोकळं, हातात दोन साध्या बांगड्या. एका केसाच्या गुंत्याशी तिचं काहीतरी चाललं होतं आणि मुलगी ‘आई, दुखतंय गं’ म्हणून ओरडत होती. दोघींपैकी कुणी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला फोटो हाच निघाला, आणि पुढचा वादही त्यावरूनच झाला.

वडिलांना ‘बसवणं’

मुलीच्या भावाने मधेच मालकाला बाजूला घेतलं. स्टेजवरच्या फॅमिली फोटोत वडिलांना एडिटिंगमध्ये बसवता येईल का? हल्ली हे सर्रास मागतात. आधार कार्डावरचा चेहरा कापून कोटाच्या धडावर ठेवलेले गृहस्थ मी स्वतः अनेक अल्बमांत बसवले आहेत. सावली उलट्या बाजूला पडते, नजर भलतीकडे असते, तरी घरचे डोळे पुसतात.

मालकाला हे खोटं वाटत होतं. माझं मत तसं नाही. ज्याला बघायचं आहे त्या प्रत्येकाला माणूस गेल्याचं ठाऊक असतं, तिथे फसवणूक कुणाची? पण विचारायचं कुणाला, हा प्रश्न इथेही तोच होता. मालकाने भावाला आईकडे पाठवलं. आईने घरातला एक फोटो काढून दिला. सौंदत्तीच्या यात्रेतला, डोक्याला टॉवेल, भंडाऱ्याने कपाळ पिवळं, हसताना एक दात नसल्याचं दिसतंय. “ह्यो लावा. कापू नका, हाय तसा लावा.” अल्बमच्या पहिल्या पानावर तो लावला, रंगही फार दुरुस्त केले नाहीत. तिथे एरवी गणपती असतो. तो दुसऱ्या पानावर गेला, आणि भटजींपासून चुलत्यांपर्यंत कुणाची काही तक्रार आली नाही.

हा फोटो कुणाचा?

परसातला फोटो व्हिडिओवाल्या पोराने स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर टाकायला घेतला. त्याचं चुकत नव्हतं. असा एक फोटो चालला की पुढच्या सीझनच्या दहा चौकश्या येतात, आणि त्यातून पोटही त्याचंच भरतं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा ग्राहक. बहुतेक स्टुडिओवाल्यांना हे सांगितलं की ते हसतात. मालकाने मुलीला फोन केला. ती म्हणाली, माझे बाकीचे टाका, आईचा नको. फोटो टाकला नाही. पोरगं आठवडाभर घुश्शात होतं, आणि तो घुस्सा मला समजतो.

मंडळीतही गोष्ट पोहोचली होती. रविवारी उपासनेत साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सांगायच्या वेळी हे सांगावं, तरुणांना धंद्यात दया कशी करावी हे कळेल, असं पाळकसाहेबांनी सुचवलं. हेतू चांगलाच. पण खानापूरच्या बाजूची माणसं मंडळीत आहेत, गाव कुठलं आणि घर कुठलं हे ‘आमेन’च्या आत कळलं असतं. मालकाने काना गावातल्या लग्नाची आठवण करून दिली. योहानाच्या शुभवर्तमानात ते आहे. द्राक्षारस संपला, येशूने सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, ते पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं, आणि भोजनकारभाऱ्याने कौतुक केलं ते नवरदेवाचं. यजमानाच्या घरात काही कमी पडलं होतं, हे पाहुण्यांना कळलंही नाही. फोटोग्राफर चाकरांच्याच बाजूला उभा असतो. त्याला रांजण रिकामे दिसतात. पाळकसाहेबांनी विषय सोडला.

गावाने काय मागितलं

आई बोलली नाही, मालक बोलला नाही, पण चुलते बोलले. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी त्याच गावातून विचारणा आली. “त्यांचं सोळात केलं म्हणे. आमचंही करा.” हे होणारच होतं. एकाला दिलेली सूट गावाचा दर होते, आणि कारण सांगायला जावं तर त्या घराचं दुःख वेशीवर टांगावं लागतं.

त्यावर दोघांनी मिळून काढलेला मार्ग मला पटला, पण सगळा नाही. दरपत्रकात ‘दारातलं लग्न’ असं एक पॅकेज छापलं. एक फोटोग्राफर, एक व्हिडिओ, एक अल्बम. पोरांची मजुरी पूर्ण, मालकाची शून्य. दर सीझनला अशा चार तारखा, आधी विचारेल त्याला. कारण विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही, कारण शेताच्या कडेला कणसं वेचणाऱ्याला कुणी रेशन कार्ड विचारत नाही, असं मालकाचं म्हणणं. पहिल्याच सीझनला त्यातली एक तारीख नव्याकोऱ्या फॉर्च्युनरमधून आलेल्या गृहस्थांनी नेली. मालक हसला, बायको हसली नाही. तिने पुढच्या छपाईत एक अट घातली: लग्न खरोखर दारात हवं, कार्यालयात नाही, स्टेज आणि एलईडी वॉल नको. ज्याला मिरवायचं आहे तो आपोआप गळतो. माझं मत तिच्या बाजूने.

फॉर्म आता मराठीत आणि पाठीमागे कन्नडमध्ये आहे. ॲडव्हान्सचं कलम बदललं. लग्न रद्द झालं तर प्रत्यक्ष झालेला खर्च दाखवून उरलेले पैसे परत. घरात मृत्यू झाला असेल तर तारीख एकदा विनाखर्च पुढे नेता येईल. सहीच्या जागी आता दोन रेघा आहेत, दुसरी आईसाठी. टिळकवाडीतल्या दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने हा फॉर्म बघून ‘असं लिहून दिलं तर धंदा बसेल’ असं भाकीत केलं आहे. दोन सीझन तरी बसलेला नाही, पण ऑर्डरींविना कोरडा मे महिना अजून आलेला नाही हेही खरं.

मिटलेली नाही ती एकच गोष्ट. खानापूरच्या लग्नात मालकाने आपली मजुरी सोडली, बाजारभावाने ती दहा हजार धरली तर दशांशातून, म्हणजे देवाला द्यायच्या कमाईच्या दहाव्या भागातून, वजा करावी का, यावर नवरा-बायकोचं जमत नाही. तो म्हणतो, देवाच्या नावानेच गेले. ती म्हणते, दशांश कापून घरात आणलेल्या पिकाचा, कड तर कापलीच नव्हती, मग ती हिशेबात धरायचीच कशाला? वहीत त्या दहा हजारांपुढे अजून पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे.